पाण्याचा निरोप

अक्कांच्या डब्याने पाण्याचा निरोप दाबला नव्हता. माझ्या डब्याने दाबला होता, आणि त्याने तो दाबावा अशी व्यवस्था मी माझ्या हाताने केली होती. एवढं लिहायला मला सात वर्षं लागली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे त्यांच्या आठवणी निघाल्या की मला हसू येतं. हसता हसता माझी गोष्ट बाजूला पडेल, आणि ती बाजूला पडावी असं माझ्या मनाला अजूनही वाटतं. म्हणून आधी.

ते आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवायचे. सोलापुरात होटगी रोडच्या पलीकडे माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मी तिथे नवा लागलो तेव्हा त्यांना वीस वर्षं झाली होती. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'राउटर सर' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझ्या अंदाजाने आवडतही होतं. राउटर म्हणजे एकाचा निरोप घेऊन दुसऱ्याकडे देणारं यंत्र. सरांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही.

उंच, वाळके, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. शर्टाला दोन खिसे शिवून घेतलेले. उजव्या खिशात स्वतःचं सामान, डाव्यात लोकांचं. लोकांचं म्हणजे कुणाची चिठ्ठी, कुणाच्या औषधाची रिकामी पट्टी, कुणाच्या स्कूटरची किल्ली, अमुक ठिकाणी पोचवायची म्हणून दिलेली. वाकताना ते डावा खिसा हाताने धरायचे, उजवा धरायचे नाहीत. त्यांचं पेन महिन्यातून दोनदा हरवायचं. दुसऱ्याची चिठ्ठी हरवल्याचं मी ऐकलं नाही.

ते मूळचे वैरागचे. कॉलेजात इतकी वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं. तपासणीची समिती आली की प्राचार्य त्यांना हळूच सांगायचे, जरा शुद्ध बोला. सर समितीसमोर एक वाक्य शुद्ध बोलत, दुसऱ्या वाक्याला 'न्हाय' म्हणत आणि तिसऱ्याला आपल्या विषयावर येत. त्यांचा विषय एकच. मधे कुणी मालक नाही, कंपनी नाही, सगळे सारखे, अशा ठिकाणी एकाचा निरोप दुसरा का नेईल? त्याला काय पडलंय? आणि नेतो म्हणाला आणि नेला नाही, तर ते कळणार कसं? यावर त्यांची पीएच.डी. चालू होती. मी लागलो तेव्हाही चालू होती.

पहिल्या तासाला ते वर्गात एक बंद चिठ्ठी पहिल्या बाकावर देत आणि शेवटच्या बाकावरच्या अमक्याला पोचवा म्हणत. जागेवरून उठायचं नाही, शेजाऱ्याच्या हातातच द्यायची. चिठ्ठी मधे कुठेतरी फोडली जायचीच. सर रागवत नसत. कुणी फोडली, असं ते मागून पुढे विचारत येत, आणि प्रत्येक जण म्हणे, माझ्याकडे आली तेव्हाच फुटलेली होती. मग सर फळ्याकडे वळून म्हणायचे, "आपल्याला निस्ता शेजारी दिसतो. त्याच्या पलीकडं काय झालं ते शेजारी सांगंल तेवढंच."

एका वर्षी त्यांनी या खेळात शेंगाचे लाडू आणले. जो चिठ्ठी नीट पुढे देईल त्याला अर्धा लाडू. दहा मिनिटांत पोरांनी काय करावं? खोट्या चिठ्ठ्या तयार केल्या आणि एकमेकांना देत सुटले. अ ने ब ला, ब ने अ ला. एकही चिठ्ठी शेवटच्या बाकावर गेली नाही आणि लाडवांचा डबा रिकामा. सर टेबलाला धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "चार वर्षं मी कागदावर जे मांडतोय," ते म्हणाले, "ते तुमी लाडवापायी दहा मिन्टात करून दाखवलं की." आणि त्या तीन पोरांना, ज्यांनी ही युक्ती काढली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी आणखी लाडू आणून दिले.

शेंगाचटणीची गोष्ट तर कॉलेजात सगळ्यांना पाठ होती. त्यांची थोरली बहीण वैरागला असते. दर महिन्याला तिला ते सोलापूरची चटणी पाठवत, पण कुरिअरने नाही. एसटी स्टँडवर जाऊन त्या बाजूला निघालेला कुणी अनोळखी माणूस गाठायचा, पुडा त्याच्या हातात द्यायचा. पुड्यावर कागद चिकटवलेला असे: ज्याच्या हाती आहे त्याने आपलं नाव लिहून पुढच्याला द्यावे. त्यांच्या बहिणीने हे सगळे कागद एका पिशवीत जपले होते. एकदा पुडा आठ दिवसांनी पोचला. वैरागचा पुडा टेंभुर्णीला जाऊन आला होता. पाच नावं होती, आणि पाव पुडा रिकामा. चौथ्या माणसाने आपल्या नावापुढे लिहिलं होतं, "भूक लागली होती, थोडी खाल्ली. चव लई भारी." आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो, बघा सर, ठेवा अजून विश्वास. सर म्हणाले, या पाचांत माझा भरवसा त्या चौथ्यावर सगळ्यात जास्त. त्याने खाल्लं ते सांगितलं तरी.

त्यांच्यासमोर चहाड्या करणं अवघड होतं. कुणी कुणाबद्दल वाईट बोलू लागलं की ते विचारत, "तुमच्यासंगं झालं, का ऐकलं?" ऐकलं म्हटलं की हाताचा तळवा आडवा करून मधोमध कापल्यासारखं करायचे. म्हणजे ते अर्धंच धरलं. ऑफिसातल्या एका क्लार्कने शिपायाबद्दल काही सांगितलं, तर सरांनी त्याच दुपारी आपल्या खोलीच्या किल्ल्या त्या शिपायाकडे सांभाळायला दिल्या. असं वारंवार करायला लागतं म्हणाले, नाहीतर एकदा बदनाम झालेला माणूस सुधारलाय की मुळात चांगलाच होता, हे कधी कळायचं?

माझ्याशी त्यांचं जमलं कारण मला प्रोग्रॅम लिहिता यायचे आणि त्यांना त्याचा कंटाळा. मला ते 'मास्तर' म्हणत. संध्याकाळी माझ्या घरी येत, चहा घेत, माझ्या वडिलांजवळ बसत. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. ते अंथरुणावर होते, बोलणं तोतरं झालं होतं. सर त्यांच्याशी तासभर गप्पा मारायचे. काय बोलायचे कोण जाणे, वडील हसायचे मात्र.

आमची गल्ली शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीला लागून. दिवसभर मागांचा खडखडाट. बावीस घरं, निम्मी तेलुगू बोलणारी. पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळेचा भरवसा नाही. सकाळी दहाला येईल नाहीतर दुपारी तीनला. गल्लीच्या तोंडाच्या घरांना आधी कळतं, ते मोटारी लावतात. मोटार लावायला बंदी आहे, आणि लावत नाही असं घर नाही. जेवढ्या उशिरा बाकीच्यांना कळेल तेवढी तोंडाच्या घरांची टाकी लवकर भरते, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही. गल्लीचा मोबाइल ग्रुप होता, त्यावर सुप्रभात यायचं, पाणी आल्याचं यायचं नाही. उन्हाळ्यात मात्र टँकर येई, तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभा राही. त्याची बातमी शेवटची घरं पहिल्या घरांना देत नसत.

हे एकदा चहा पिताना मी वैतागून सांगितलं, आणि सर कप खाली ठेवून उभे राहिले. "मास्तर, ह्यो तर माझा प्रश्न रस्त्यावर पडलाय की."

दोन महिन्यांत त्यांनी बावीस घरं जोडली. प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात एक छोटं वायरलेस यंत्र, डबा गच्चीवर, वायर खाली स्वयंपाकघरात, तिथे वाजणारं बटण. इंटरनेट नाही, मोबाइल नाही. पहिल्या घराच्या नळात पाणी उतरलं की त्यांचा डबा वाजे, तो दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला. टँकर आला की उलट्या बाजूने. निरोप पुढे नेला की नाही याची प्रत्येक डबा नोंद ठेवायचा. जो नेतो त्याची पत वाढे. ज्याची पत घसरली त्याला पुढच्या वेळी सगळे सगळ्यात शेवटी सांगत. तोंडाच्या घरांनी पाण्याचं सांगायचं, कारण टँकरचं त्यांना कळायला हवं होतं. सरांचं सगळं गणित एवढंच होतं, आणि प्रोग्रॅम मी लिहिला होता.

माझं घर पाचवं. सहावं अक्कांचं. मधली भिंत एकच.

अक्का मागावरच्या कामगारांसाठी मेस चालवायच्या. दोन वेळचा भात, सांबार, एक भाजी. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन तिकडे तेलंगणात. डबा बसवून घ्यायला गल्लीत पहिल्या त्याच तयार झाल्या होत्या. बाकीचे म्हणत होते, वीज किती खाईल, मोबाइलला त्रास होईल का. अक्का आपल्या तेलुगू वळणाने सरांना म्हणाल्या, "सारू, ठेवा तुम्ही. पण आवाज कुकरसारखी नको. मी गॅस बंद करून बसेल." सर त्यांच्याकडेच जेवू लागले. शिडी, वायर, डबे सगळं त्यांच्या ओट्यावर असायचं.

पहिल्यांदा निरोप बाविसाव्या घरी पोचला तेव्हा सर त्या घराच्या दारात घड्याळ धरून उभे होते. आतून पिपाणीसारखा आवाज आला आणि तिथले काका, मिलमधून निवृत्त झालेले, लुंगी सावरत मोटारीकडे पळाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाणी आल्याबरोबर कळलं होतं. सर माझ्याकडे वळले आणि त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

आता माझं. कारण सांगतो, सबब म्हणून नाही.

सगळ्यांना एकाच वेळी कळू लागल्यावर बावीस मोटारी एकदम सुरू होत, आणि माझ्या नळाला धार येईना. पूर्वी माझी टाकी भरायची, आता निम्मी. वडिलांच्या चादरी रोज दोन-तीन वेळा बदलाव्या लागत. ओल्या चादरी पाण्याविना बादलीत पडून राहायच्या आणि बायको पाण्याच्या दिवसाची वाट बघायची. एका रविवारी मी माझ्या डब्याचा प्रोग्रॅम उघडला आणि एक ओळ वाढवली. पाण्याचा निरोप आला की वीस मिनिटं थांब, मग पुढे दे, आणि नोंद मात्र लगेच दिल्याची कर.

वीस मिनिटांत पाचच मोटारी चालत. माझी टाकी काठोकाठ भरू लागली.

मला वाटलं होतं, कुणाला कळणार नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय होईल हे मला कळायला हवं होतं. आठवड्याला सगळ्या डब्यांची नोंद सरांच्या लॅपटॉपवर जमा व्हायची; तिच्यात निरोप पुढे दिल्याची वेळ तेवढी यायची, मिळाल्याची नाही. माझा डबा सांगे, मी निरोप लगेच दिला. अक्कांच्या डब्यातून तो वीस मिनिटांनी बाहेर पडलेला दिसे. म्हणजे वीस मिनिटं अक्कांनी दाबला. पाचसहा वेळा असं झालं आणि अक्कांची पत तळाला गेली. बाकीचे डबे त्यांना वगळून, समोरच्या उंच गच्चीवरून निरोप पुढे न्यायला लागले. अक्कांचं बटण सगळ्यात शेवटी वाजू लागलं.

तेव्हा मी घाबरलो. आता माझ्यापुढे समोरचं घर होतं, आणि तिथेही वीस मिनिटं दिसली तर बोट माझ्याकडे वळलं असतं. म्हणून मी ती ओळ काढून टाकली. झालं काय, अक्का वगळल्या गेल्या त्याच दिवसापासून निरोप वेळेवर जाऊ लागला. याच्याहून मोठा पुरावा कुणाला हवा?

गल्लीत सगळे जमले. दुपारची वेळ, अक्कांच्या ओट्यासमोर. बाविसाव्या घरचे काका सगळ्यात पुढे. "मेसला पाणी लागतंय म्हणून आमचं दाबून ठिवलं व्हय?" ते म्हणाले. "आन् वरनं सरांना सांबार वाढतीस." मागे कुणीतरी हसलं.

अक्का काकांशी बोलल्या नाहीत. त्या सरांना म्हणाल्या, "सारू, तुम्ही माझ्या घरी चार महिने जेवलात. मी असं करणारी दिसते का?"

सरांच्या हातात नोंदीचा कागद होता. त्यांनी कागदाकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि मग मला विचारलं, "मास्तर, प्रोग्रॅम तुमी लिवलाय. आकडे बरोबर हायत का?"

मी म्हणालो, "बरोबर आहेत, सर."

सरांनी शिडी लावली. एरवी शिडी मी धरायचो. त्या दिवशी त्यांनी कुणाला धरू दिली नाही. अक्कांच्या गच्चीवरून डबा काढून आणला, वायर गुंडाळली, सगळं पिशवीत घातलं. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी बटण स्वतः भिंतीवरून उपटून आणून दिलं. मेसची जेवणाची वेळ होती, सर जेवायला थांबले नाहीत.

त्यानंतर महिन्याभरात सरांनी सगळेच डबे उतरवले. गल्लीने फारशी तक्रार केली नाही. पीएच.डी.चे कागद त्यांनी कपाटात ठेवले आणि माझ्याकडे यायचे ते हळूहळू बंद झाले. मला वाटायचं, प्रयोग फसल्याचं दुःख आहे. अक्कांकडचं गिऱ्हाईक कमी झालं. मागावरचे कामगार गल्लीतच राहणारे, ते दुसरीकडे जेवू लागले. पाणी भरताना बायका अक्कांशी बोलत नसत. वर्षाच्या आत त्यांनी घर सोडलं आणि दोन किलोमीटरवर, मार्केटजवळ एक खोली घेऊन तिथे मेस सुरू केली. जाताना त्यांनी आमच्या दारात येऊन वडिलांची चौकशी केली. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

सर निवृत्त होऊन वैरागला गेले. माझे वडीलही पुढे वारले. सरांचा विषय आता मी शिकवतो. चिठ्ठीचा खेळही घेतो, लाडवांशिवाय. यंदा तो खेळ संपल्यावर एक मुलगी उभी राहिली. टेंभुर्णीकडची, फारसं न बोलणारी. तिने विचारलं, "सर, समजा मीच चिठ्ठी अडवून ठेवली आणि वेळेवर दिली असं सांगितलं, तर माझ्या पुढच्याने स्वतःचा खरेपणा कसा सिद्ध करायचा?"

मी फळा पुसत राहिलो. मग तास लवकर सोडला.

त्या रविवारी वैरागला गेलो. सर बहिणीच्या घरासमोर कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. शर्टाला दोन खिसे तसेच, डावा फुगलेला. गावात आता हेच डाकघर झालेत, बहीण म्हणाली. मी चहा होऊ दिला नाही. बसल्या बसल्या सगळं सांगितलं. ती ओळ, चादरी, नंतर ती ओळ काढून टाकणं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी दिलेलं उत्तर.

सरांनी मधे एकच प्रश्न विचारला. "किती मिन्टं ठेवली हुती?"

"वीस."

"आठरा ते बावीस दिसत हुती. वीसच आसणार." ते म्हणाले. मी वर बघितलं. सर बाजेची दोरी बोटाने चाचपत होते. "डबे उतरवल्यावर वरीसभरानं एकेकाची सगळी नोंद परत बघितली, मास्तर. समोरच्या गच्चीवरच्या डब्यानं तुमचा डबा ऐकला हुता. त्याच्यापाशी येळ निराळी हुती. पर तवर अक्का गेल्या हुत्या."

"मग तुम्ही मला विचारलं का नाही?"

"इचारलं हुतं की एकदा. सगळ्यांदेखत. तुमी उत्तर दिलं. दुसऱ्यांदा काय इचारायचं?"

मग त्यांनी सांगितलं की ते तेव्हाच अक्कांकडे जाऊन आले होते. चार महिने हातचं जेवलो आणि कागदावर भरवसा ठेवला, ही माझी चूक, असं म्हणून त्यांनी माफी मागितली होती. माझं नाव घेतलं नव्हतं. ते घ्यायला नको म्हणून गल्लीत जाऊन काही सांगितलं नव्हतं. "ह्यो माझा पन गुन्हाच हाय," सर म्हणाले. "त्या बाईला मी मोकळं केलं न्हाय, तुमाला झाकलं. तुमच्या वडलांकडं बघून. का कशाकडं बघून, आता आठवत न्हाय."

मला रडू आलं. सरांनी ते येऊ दिलं. थोड्या वेळाने मी म्हणालो, सर, अक्कांकडे तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही त्यांना माझ्या वतीने सांगाल का? मी एक चिठ्ठी लिहून देतो. मला त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही.

एसटी स्टँडवर अनोळखी माणसाच्या हातात पुडा देणारे सर. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणाचं काही न्यायला नाही म्हणताना ऐकलं नव्हतं.

"ही मी न्हेणार न्हाय," ते म्हणाले.

मार्केटजवळची मेस शोधायला वेळ लागला नाही. अक्का थकल्या होत्या, पण ओळखलं लगेच. मी उभ्या उभ्याच बोललो. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुमची मोटार मला ऐकू यायची. भिंत एकच ना. आधी तुमची मोटार, मग किती वेळाने माझा डबा."

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"बोलली असती तर कोण ऐकणार? सारूच्या हातात कागद. तुम्ही मास्तर. मी भात शिजवणारी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला काय सांगता? मी दाबलं नाही हे मला माहीत आहे. माहीत नाही ते गल्लीला. कधी येते आता पाणी तिकडे?"

मी म्हणालो, बहुतेक गुरुवारी.

"गुरुवारी मी येते," अक्का म्हणाल्या. "तुम्ही काय सांगता ते मला ऐकायचं आहे."

गुरुवारी पाणी अकराच्या सुमाराला आलं. मी रजा टाकली होती. अक्का नवी साडी नेसून रिक्षाने आल्या आणि आपल्या जुन्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. नव्या भाडेकरूंनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली बाहेर असते. पायपं, बादल्या, बायका, म्हातारे. काकाही होते, आता काठी टेकत चालणारे. अक्कांना बघून काही जणी आत वळल्या.

मी सगळ्यांना जरा इकडे या म्हणालो आणि बोलायला लागलो. संपवलं तेव्हा लोक तसेच बादल्या धरून उभे होते. मला वाटलं, झालं.

मग काका म्हणाले, "काय सांगाय लागलाय मास्तर? मोटारीत काय बी ऐकू येईना." आणि काठी टेकत आपल्या घराकडे गेले. मला वाटलं, ते कंटाळून चालले. त्यांनी आपली मोटार बंद केली. पाणी अजून तासभरसुद्धा टिकणार नव्हतं. शेजारच्या बाईने तिची बंद केली. मग समोरच्यांनी. एकेक आवाज कमी होत गेला. माझी मोटार शेवटची चालू होती. बायकोने आत जाऊन ती बंद केली. लांब मागांचा खडखडाट तेवढा राहिला.

"आता बोला," काका म्हणाले.

अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"सात वर्षांपूर्वी पाण्याचा निरोप अक्कांनी दाबला नव्हता," मी म्हणालो. "मी दाबला होता. माझी टाकी भरावी म्हणून मी माझ्या डब्यात तशी सोय केली होती, आणि आळ अक्कांवर येऊ दिला. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. अक्का, तुमचं नाव मी खराब केलं. मला माफ करा."